आधी माप, मग खरेदी: रोड सायकल अंगाला कशी बसवावी

रोड सायकल नवी असताना दुखणाऱ्या जागा जवळजवळ ठरलेल्या असतात: बूड, तळहात, मान आणि गुडघा. या चारही दुखण्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. शरीराचं वजन सायकलवर तीनच ठिकाणी टेकतं, सीटवर, हँडलवर आणि पेडलवर. त्याची वाटणी सीटच्या उंचीवर, सीट किती पुढे-मागे आहे त्यावर आणि हँडल सीटपासून किती लांब आहे त्यावर ठरते. वाटणी चुकली की महागडी सीटही टोचते आणि जाड हातमोजे घालूनही हात बधिर होतात. म्हणून दुकानात शिरण्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी.

पहिलं माप पायाचं. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहा, दोन पावलांत वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांमध्ये आडवं धरून चांगलं वर दाबा, अगदी सीटवर बसल्यासारखं. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हा गुणक ओळखला जातो. माप ८० सेंटीमीटर आलं तर उत्तर साधारण ७०.६ सेंटीमीटर. क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे पेडलचे दांडे ज्या धुऱ्यावर फिरतात तिथून, सीटच्या नळीच्या रेषेत वर सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. साधे बूट घालून चालवणाऱ्या नवख्याने सुरुवातीला त्यातून ५ मिलिमीटर कमी करावेत. मग पडताळणी: सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. पाऊल नेहमीच्या जागी, म्हणजे चवडा पेडलच्या दांड्यावर आणला, की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक उरतो.

सीट खाली राहिली तर गुडघा प्रत्येक फेरीत जास्त दुमडतो, वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. सीट फार वर असेल तर दुखणं गुडघ्याच्या मागे जातं. शिवाय पाय पुरावा म्हणून कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि मांडीच्या सांध्यात कातडी सोलवटते. मागून कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा, कंबर डोलते की नाही ते लगेच दिसतं. बदल एका वेळी ३ मिलिमीटरचाच करा आणि दोन-तीन दिवस तसंच चालवा. एका दिवसात चार गोष्टी हलवल्या तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

सीटची रुंदी हा सर्वांत जास्त दुर्लक्षित आकडा. आपण बसतो ते ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर, आणि सीटने आधार द्यायचा तो याच हाडांना. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर थोडं पुढे वाकून बसा आणि टाचा उचला. पुठ्ठ्यात दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर बहुतेकांचं १०० ते १४० मिलिमीटरच्या दरम्यान येतं, बायकांचं सहसा थोडं जास्त. त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवले की सीटची रुंदी मिळते. जेलची मऊ, जाड सीट दुकानात फार सुखाची वाटते, पण अर्ध्या तासात हाडं जेलमध्ये रुततात, मधला भाग वर उठतो आणि दोन हाडांमधल्या नाजूक भागातल्या नसेवर व रक्तवाहिन्यांवर दाब येतो. बधिरपणा तिथूनच येतो. हाडांपाशी दुखणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कमी होत जातं, ते सोसण्यासारखं आहे. बधिरपणा मात्र सोसायचा नाही: उभं राहून पेडल मारा, आणि घरी आल्यावर सीट सपाट आहे का ते तपासा. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर असेल तर खाली आणा, लागलं तर सपाटाहून एक-दोन अंश आणखी. त्याहून जास्त झुकवलीत तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो.

तळहातांचंही गणित हेच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या उंचवट्यापाशी अल्नर नस दाबली जाते आहे. अंगठा आणि तर्जनी बधिर होत असतील तर मनगटाच्या मध्यातून जाणारी मीडियन नस. हातमोज्यांतल्या पॅडने थोडी मदत होते, पण आधी हँडलचं अंतर पाहा. ब्रेकच्या हुडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठीवरच्या रबरी आवरणावर, हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे सैल हवेत. हात ताणून सरळ होत असतील तर १० किंवा २० मिलिमीटर आखूड स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा) लावून घ्या, आणि स्टेमखालच्या कड्या काढून हँडल खाली नेण्याची घाई करू नका. नवख्यासाठी हँडल सीटच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली असलं तर मानही वाचते.

आता टायर. आरामासाठी खर्च करायचा तर पहिला मान टायरचाच, असं आमचं ठाम मत आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरलं तर मागच्या चाकावर साधारण ५० किलो येतात. ८० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचं एकक) हवेवर टायर जमिनीला टेकतो ती जागा सुमारे ९ चौरस सेंटीमीटर, म्हणजे पाच रुपयांची दोन नाणी शेजारी ठेवावीत एवढी. हवा जितकी जास्त, तितकी ही जागा लहान आणि टायर कडक. गुळगुळीत रस्त्यावर कडक टायर खरोखर हलका पळतो. पण जिथे काँक्रीटच्या दर जोडावर ठक्क होतं, डांबरावर खडी वर आलेली असते आणि पुलांवर लोखंडी सांधे असतात, तिथे कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर अख्खी सायकल आणि स्वार वर उचलतो. ती ऊर्जा स्नायूंत आणि चरबीत थरथरून वाया जाते. किंचित मऊ टायर उंचवटा स्वतःत जिरवतो.

म्हणून फ्रेममध्ये जागा असेल तर २५ ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचा टायर घ्या, ३२ बसला तर फारच उत्तम. ७० किलोच्या स्वाराने २८ च्या टायरमध्ये मागे ७५ ते ८०, पुढे ६५ ते ७० पीएसआयपासून सुरुवात करावी. ३२ मध्ये १५ पीएसआय कमी. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही. उलट हवा फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा काच शोधा. टायरच्या आतून बोट फिरवून ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. पातळ ट्यूबमधून हवा सतत थोडी थोडी झिरपते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी दाब दाखवणारा काटा असलेल्या फूट पंपाने दाब बघा. आणि हवा उन्हाने वाढतेही: सकाळी २५ अंशांवर ८० असलेला दाब टायर ४५ अंशांपर्यंत तापला की ८६ च्या आसपास जातो. बहुतेक रोड सायकलींना बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरची नळी त्यावर बसत नाही, त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर पाऊचमध्ये ठेवा.

सरावाची जागा निवडताना वाऱ्याचा विचार करा. नवी मुंबईतला पाम बीच मार्ग वाशीहून बेलापूरकडे आग्नेयेला जातो आणि सपाट आहे. पण हिवाळ्या-उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणून जाताना तो पाठीशी आणि परतताना तोंडावर असतो. ढोबळ हिशेब असा: मघाचेच ८५ किलो सपाटीवर ताशी २० किलोमीटरने न्यायला ६५ ते ७० वॅट लागतात, ३० ने न्यायला १७५. वेग दीडपट, कष्ट अडीचपट, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी शक्ती घनाने. आणि २० नेच जाताना समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा लागला तर तेच काम ११५ ते १२० वॅटचं होतं. म्हणून वाऱ्यात वेगाचा आकडा धरून ठेवू नका. गिअर हलका करा, श्वास सारखा राहू द्या. पहाटे वारा पडलेला असतो आणि रहदारीही कमी, पण रिकाम्या पाम बीचवर मोटारी सुसाट येतात. मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवा, आणि पुलाच्या तोंडाशी डावीकडून मिसळणाऱ्या वाहनांकडे वळून बघा. ठाण्याच्या घोडबंदर रोडची मुख्य मार्गिका नवख्याने टाळावी. तिथल्या अवजड ट्रकच्या डाव्या बाजूला चालकाला न दिसणारा मोठा पट्टा असतो, आणि वळणाऱ्या ट्रकच्या डावीकडे शिरणं हे जिवावरचं काम आहे.

चढणीचा सराव हवा असेल तर ठाण्यात उपवनकडून येऊर आणि नवी मुंबईत बेलापूरची पारसिक टेकडी आहे. येऊर वन खात्याच्या हद्दीत येतं, तेव्हा फाटकावरच्या वेळा आधी विचारून घ्या. चढणीवर आराम मिळतो तो गिअरमुळे. पुढे, पेडलपाशी, ३४ दात्यांची चकती आणि मागच्या चाकावर सर्वांत मोठी चकती २८ दात्यांची असेल तर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या मारताना सायकल ताशी ९.३ किलोमीटरने चालते. मागे ३४ दात्यांची असेल तर ७.७ ने. फरक दीड किलोमीटरचा, पण ७ टक्के चढावर तो सुमारे ३० वॅटचा ठरतो. २८ च्या चकतीवर दम पुरला नाही की फेऱ्या ६० वरून ४५ वर येतात, प्रत्येक दाबाला गुडघ्यावर जास्त जोर पडतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो. सायकल घेताना मागची मोठी चकती किती दात्यांची आहे हे फ्रेमच्या रंगाच्या आधी विचारा.

येऊर चढताना अंग भाजतं त्याचंही कारण आहे. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. पेडलवर १०० वॅट पोचवताना शरीरात साधारण ३५० वॅट उष्णता तयार होते. ती मुख्यतः घाम वाळूनच बाहेर जाते, आणि एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातो. म्हणजे तासाला अर्धा लिटर घाम पुरावा, पण तो वाळला तर. आपल्या दमट हवेत बराच घाम नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम अंग थंड करत नाही. सपाटीवर निदान स्वतःच्या वेगाचा वारा लागतो, चढणीवर तोही नसतो. सुती टीशर्ट घाम पिऊन जड होतो आणि ओला राहतो. पॉलिस्टरची विरळ विणीची जर्सी घाम पसरवते, त्यामुळे तो लवकर वाळतो. तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर पाणी घोट-घोट प्या. दीड तासाहून जास्त चालवणार असाल तर एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या पाण्याच्या मापानेच, आणि खायला केळं किंवा राजगिऱ्याची चिक्की. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, तासाला ३० ते ६० ग्रॅम पुरतात.

पॅडची शॉर्ट ही कपड्यांतली पहिली खरेदी. तिच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही. त्याच्या शिवणीच मांडीला कापतात आणि पॅडला शिवण नसण्याचा फायदा वाया जातो. पॅड जाड असण्यापेक्षा घट्ट बसणं महत्त्वाचं, कारण सरकणारा पॅड घासतो. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट कमरेला काचत नाही आणि पॅड जागेवर ठेवते. घरी आल्या आल्या ती काढा, धुवा, उलटी करून वाळवा. दमट दिवसांत ओल्या पॅडमध्ये वाढणारे जंतूच फोड आणतात.

हेल्मेटच्या फोमचं काम डोक्याला थांबायला अंतर देण्याचं. दीड मीटरवरून पडलेलं डोकं फोम चिरडत २ सेंटीमीटरमध्ये थांबलं तर त्याला गुरुत्वाच्या ७५ पट धक्का बसतो, २ मिलिमीटरमध्ये थांबलं तर ७५० पट. एकदा चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराने आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा कोन कानाखाली, आणि हनुवटीखाली एकच बोट जाईल एवढा सैलपणा.

पावसाळ्यात रस्त्यावरचे रंगाचे पट्टे, गटारांच्या जाळ्या आणि पुलांचे लोखंडी सांधे निसरडे होतात. ते काटकोनात, ब्रेक न लावता आणि हँडल न वळवता ओलांडा. टायरमधून ५ पीएसआय कमी करा. खाडीलगतची खारी हवा आणि घाम मिळून स्टेमचे स्क्रू आणि चेन गंजवतात. फेरीनंतर कोरड्या फडक्याने पुसा, चेनच्या प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल सोडा, पाच मिनिटांनी बाहेरचं तेल पुसून घ्या, कारण तिथे राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. महिन्यातून एकदा चेनवर स्टीलची पट्टी लावून एक पिन शून्य धरून तिथून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंत मोजा. नव्या चेनला हे अंतर ३०४.८ मिलिमीटर असतं. ते ३०६ च्या पुढे गेलं की चेन बदलायला घ्या. तशीच ताणून चालवली तर मागच्या चकत्यांचे दातेही तिच्या मापाने झिजतात, आणि मग नवी चेन त्या दात्यांवर बसत नाही. चढणीवर जोर लावला की उडी मारते.