जहाजघंटा

जहाजावर वेळेचे टोल देण्यासाठी, धुक्यात इशारा देण्यासाठी आणि आगीसारख्या प्रसंगी खलाशांना सावध करण्यासाठी वापरली जाणारी घंटा. ती बहुधा पितळेची किंवा काशाची असते. तिच्यावर जहाजाचे नाव व वर्ष कोरतात आणि लोलकाला विणलेली दोरी बांधतात. बुडालेल्या जहाजाची ओळख पुष्कळदा या कोरीव अक्षरांवरूनच पटते.

जहाजघंटेचा पहिला लेखी उल्लेख इंग्लंडच्या ‘ग्रेस द्यू’ जहाजाच्या सामानयादीत असून तो साधारणपणे १४८५ च्या सुमाराचा मानतात. मात्र याच नावाचे एक जहाज पाचव्या हेन्रीच्या काळीही (१४१८) होते, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या एका यादीत पाळीच्या घंटेची नोंद असल्याचे काही अभ्यासक सांगतात. यादीपेक्षा प्रत्यक्ष वस्तूचा पुरावा अधिक भरवशाचा धरला, तर १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेची घंटा महत्त्वाची ठरते. ती १५१० मध्ये ओतल्याचे तिच्यावरच फ्लेमिश भाषेत कोरलेले आहे.

वाळूचे घड्याळ दर अर्ध्या तासाने उलटताना टोल देत. चार तासांच्या पाळीत टोल एकेक वाढत जाऊन आठ टोलांना पाळी बदलते. टोल जोडीने देतात : रात्री साडेनऊला दोन लागोपाठ, मग क्षणभर थांबून एक. दुपारी ४ ते रात्री ८ ही पाळी दोन भागांत तोडल्याने दिवसाच्या पाळ्या सात होतात व त्याच खलाशांवर रोज तीच पाळी येत नाही. ब्रिटिश नौदलात सायंकाळी साडेसहापासून पाच, सहा, सात असे न देता एक, दोन, तीन आणि आठला एकदम आठ टोल देतात. १७९७ च्या नोर (थेम्स नदीच्या मुखाजवळ) येथील ब्रिटिश नौसैनिकांच्या बंडाचा इशारा पाच टोलांचा होता म्हणून ते टाळले, असे परंपरा सांगते. ही कथा मागाहून जोडलेली असावी.

आपल्याकडे घटिकापात्र (पाण्यावर सोडलेले, तळाशी छिद्र असलेले कालमापनाचे भांडे) भरले की काशाच्या थाळीवर टोल पडे. त्या थाळीलाही ‘तास’च म्हणत. असाच थाळा आजही मोठ्या जहाजावर असतो. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २० मी. व त्याहून लांब जहाजावर घंटा लागते व तिच्या तोंडाचा व्यास किमान ३०० मिमी. असावा लागतो. धुक्यात नांगरलेले जहाज दर मिनिटाला सुमारे ५ सेकंद घंटा जलद वाजवते, १०० मी. किंवा अधिक लांबीचे असल्यास घंटा पुढे आणि त्यापाठोपाठ थाळा मागे वाजतो. जहाजाची दोन्ही टोके कुठे आहेत हे न दिसताही त्यामुळे कळते. १२ मी.पेक्षा लहान होडीला घंटेची सक्ती नाही, आवाजाचे एखादे परिणामकारक साधन पुरते. ठाणे खाडीतल्या लहान होड्या याच गटात येतात.

 

वसईच्या विजयानंतर (१७३९) मराठ्यांनी आणून देवळांत टांगलेल्या पोर्तुगीज घंटा चर्चच्या होत्या. त्यांची गणना जहाजघंटांत करू नये.