गावरान कोंबडीचा काटकपणा: रक्तगटापासून जनुकखुणांपर्यंत

नागपुरात सावजी रश्शासाठी गावरान कोंबडीच हवी म्हणणारे चवीइतकंच तिच्या काटकपणाचंही कौतुक करतात. ते अर्धंच खरं आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, वस्तीत शिरली की खुराडी रिकामी होतात आणि त्यातून गावरानही सुटत नाही. हा रोग 1926 मध्ये जावात आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला नोंदला गेला. पुढच्या वर्षी कुमाऊंतल्या राणीखेतला सापडला.

काटकपणा कोणत्या जनुकात, याचा पहिला धागा मात्र मारेक या दुसऱ्याच रोगाने दिला. पाय-पंख लुळे पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये केलं होतं. 1950 मध्ये अमेरिकेत कोंबड्यांचा ‘बी’ रक्तगट ओळखला गेला आणि पुढे लक्षात आलं, की बी-21 प्रकारचे पक्षी मारेकमध्ये तगतात, बी-19 वाले मात्र पटापट जातात. डीएनए वाचायची सोय नसताना नुसत्या रक्ततपासणीवरून एवढं कळलं, याचं मला अजून नवल वाटतं. हा बी भाग म्हणजे 16व्या गुणसूत्रावरचा, प्रतिकाराची जनुकं दाटीने बसलेला पट्टा. तिथेच नंतर एलईआय-0258 ही खूण सापडली. डीएनएचा ठरावीक छोटा तुकडा तिथे किती वेळा आला, हे मोजलं की पक्ष्याचा बी प्रकार ताडता येतो. 2004 मध्ये रानकोंबडीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर असा शोध आणखी सोपा झाला.

एमएक्स जनुकाची हवाही बरीच झाली. त्यातून बनणाऱ्या प्रथिनातलं 631व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललं की फ्लूसारखा विषाणू अडतो, असं 2002 मध्ये जपानी संशोधकांनी मांडलं. पुढच्या प्रयोगांत मात्र ते सगळीकडे टिकलं नाही. राणीखेतला अडवणारी अशी एकच हुकमी खूण नाही, तिथे लासोटासारखी लसच लागते.

तरी देशी पक्षी मोलाचे आहेतच. अंडी आणि वजनासाठी निवडत गेलेल्या व्यापारी वाणांत वैविध्य आटलं. असील, कडकनाथ आणि परसातल्या बिननावाच्या कोंबड्यांत ते जास्त उरलं आहे. नागपुरात 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 2000 पासून माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. विदर्भातल्या परसातले बी प्रकार नोंदवायला याहून सोयीची जागा कुठली? मात्र निवडक पक्ष्यांचा कळप एकाच ठिकाणी ठेवू नये. मार्च 2024 मध्ये नागपूरच्याच शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पक्षी सरसकट मारावे लागले. तिथे कोणाचा बी प्रकार कोणता, हे कोणी विचारत नाही.