मोहोतलं मीठ आत मुरतं, आंबटपणा वरच राहतो

क्यूबात पोर्क चॉप, म्हणजे डुकराच्या मांसाचे जाड काप, तव्यावर टाकण्याआधी ‘मोहो’त मुरवतात. मोहो म्हणजे ठेचलेला लसूण, जिरं, ओरेगॅनो, मीठ, तेल आणि तिथल्या आंबट-कडवट संत्र्याचा रस. तसं संत्रं मिळत नसेल तर साध्या संत्र्याचा रस 120 मिली आणि लिंबाचा 60 मिली घ्या. आंबटपणा जमतो, कडवटपणासाठी संत्र्याची साल किंचित किसून घाला. अडीच सेंटिमीटर जाडीच्या चार चॉपना, म्हणजे साधारण किलोभर मांसाला, एवढा रस पुरतो.

बहुतेक जण सगळं एकत्र करून रात्रभर ठेवतात. घोळ तिथेच होतो. कच्च्या मांसाचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण 5.5 असतो. तो 5.2च्या आसपास उतरला की स्नायूतली प्रथिनं सर्वांत कमी पाणी धरतात. म्हणजे थोड्याशा आंबटाने मांस मऊ होण्याऐवजी कोरडंच पडतं. शिवाय आम्ल काही तासांत जेमतेम काही मिलिमीटर आत जातं. वरचा थर आधी पांढुरका होतो आणि जास्त वेळ राहिला तर पिठूळ लागतो. मीठ मात्र खोलवर जातं, तंतू फुगवतं आणि पाणी धरून ठेवतं. म्हणून 12 ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून चॉप फ्रिजमध्ये ठेवा आणि रस शेवटचे दोनच तास लावा, तोही काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. गोव्याच्या विंदालूत मांस व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरतं ते चालतं, कारण पुढे ते मंद आचेवर बराच वेळ शिजतं. चॉप काही मिनिटांत तव्यावरून उतरतो.

लसणाचाही क्रम आहे. आठ पाकळ्या ठेचून दहा मिनिटं तशाच ठेवा. पेशी फुटल्यावर अ‍ॅलिनेज नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं, तेव्हा कुठे लसणाचा उग्र वास तयार होतो. आंबट रसात हे विकर निकामी होतं, त्यामुळे रसातच ठेचलेला लसूण मिळमिळीत लागतो. मग एकेक छोटा चमचा जिरेपूड आणि ओरेगॅनो, दोन मोठे चमचे तेल आणि शेवटी रस.

तव्यावर टाकण्याआधी लसणाचे कण झटकून चॉप अगदी कोरडे पुसा. पृष्ठभाग ओला असेल तर पाणी उडेपर्यंत तापमान 100 अंशांपुढे जात नाही. खरपूसपणा साधारण 140 अंशांनंतर येतो. तोवर मांस उकडून निघतं. राहिलेले लसणाचे कण तर जळून कडूच होतात. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा द्या, नाहीतर चॉप वाटीसारखा वळतो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही. लोखंडी तवा चांगला तापवून प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं भाजा.

अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 साली डुकराच्या मांसाच्या अख्ख्या तुकड्यांसाठी आतल्या तापमानाची सुरक्षित किमान मर्यादा 71 अंश सेल्सियसवरून 63वर आणली आणि आचेवरून उतरवल्यावर तीन मिनिटं तसंच राहू द्यायला सांगितलं. मांस कुठून आलं याची खात्री नसेल तर 71 अंशच गाठा, थोडं कोरडं झालं तरी चालेल. काट्याचा थर्मामीटर बाजूने, हाडाला न टेकवता, मध्यापर्यंत खुपसा.

उरलेल्या मोहोला कच्चं मांस लागलेलं असतं. त्याच तव्यात कांद्याच्या चकत्या परतून मोहो खळाखळा उकळा आणि मगच चॉपवर ओता.