युरीटेमोरा अफिनिस: एका नावाखाली दडलेल्या जाती

युरीटेमोरा अफिनिस हा जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा कोपेपॉड. कोळंबी-खेकड्यांचा हा दूरचा भाऊबंद नदीमुखांच्या मचूळ पाण्यात तरंगत जगतो आणि माशांच्या पिल्लांचे पोट भरतो. उत्तर जर्मनीतील नदीमुखांमधल्या नमुन्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ पोप्पे यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले, तेव्हा तो टेमोरा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, धरला गेला होता. युरीटेमोरा ही वेगळी प्रजाती गीसब्रेश्ट यांनी १८८१ मध्ये मांडली.

त्यानंतर युरोपात, उत्तर अमेरिकेत, आशियात जिथे जिथे असा जीव जाळीत आला, तिथे बहुधा हेच नाव लागले. त्यात अभ्यासकांची हलगर्जी नव्हती. या गटाची ओळख पटवायची ती सूक्ष्मदर्शकाखाली, मादीच्या पाचव्या पायांच्या जोडीवरचे काटे आणि शेपटीच्या दुभंगलेल्या टोकांची ठेवण पाहून. दूरदूरच्या नमुन्यांतही ही लक्षणे फारशी बदलत नव्हती.

मग १९५९ मध्ये अटलांटिकमधून महासरोवरांपर्यंत जहाजे नेणारा सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि त्याच सुमारास हा खाडीतला जीव अमेरिकेच्या गोड्या पाण्याच्या महासरोवरांत दिसू लागला. जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून तो आला असावा, असे मानले जाते. पण मुळात खाऱ्या-मचूळ पाण्यातला प्राणी गोड्या पाण्यात तगला कसा?

जीवशास्त्रज्ञ कॅरल युनमी ली यांनी १९९९ आणि २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासांनी या प्रश्नाचे रूपच बदलले. गोड्या पाण्यातली घुसखोरी एकदाच नव्हे, तर वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाली होती. दिसायला सारख्या असलेल्या काही समूहांचा तर आपसात संकरही होत नव्हता. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि माझ्या मते या सगळ्यात तीच सर्वांत मोलाची: सेंट लॉरेन्सच्या मुखात दोन वंशशाखा शेजारी नांदतात, पण सरोवरांत शिरली ती त्यांतली एकच. दोघींना एकाच नावाने मोजत राहिलो असतो, तर हा फरक कधी हाती लागला नसता.

अलेक्सेयेव आणि सुईसी यांनी २०११ मध्ये अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची जात वेगळी काढून तिला ली यांच्या सन्मानार्थ युरीटेमोरा कॅरोलीई हे नाव दिले. पुढे हीच अमेरिकी जात बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या आखातातही सापडली. त्यामुळे युरोपातल्या जुन्या नोंदींमधला ‘अफिनिस’ नेमका कोणता, हे आता नमुन्यागणिक तपासावे लागते.