दीर्घकालीन थकवा लक्षणसमूह : संशोधन व उपचारांविषयीचा वाद

विश्रांतीने न जाणारा, महिनोन्‌महिने टिकणारा थकवा आणि थोड्याशा शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, प्रकृती एकदम ढासळणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. निदानाची खात्रीशीर चाचणी नसल्यामुळे तो शारीरिक की मानसिक, हा वाद दीर्घकाळ धुमसत राहिला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ साली पसरलेल्या आजाराला दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० मध्ये, रुग्णांना न भेटता केवळ नोंदी वाचून, सामूहिक उन्माद ठरवले. तो शिक्का पुढे सहजासहजी पुसला गेला नाही. उलट दिशेची घाईही झाली : एका विषाणूला कारणीभूत मानणारा २००९ चा गाजलेला शोधनिबंध २०११ मध्ये मागे घेण्यात आला.

खरी ठिणगी पडली ती ब्रिटनमधील ‘पेस’ या उपचारांच्या चाचणीमुळे. ६४१ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम व बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वर्तनाच्या सवयी बदलण्यावर भर देणारा मानसोपचार) लाभदायक असल्याचे त्यांत म्हटले होते. मात्र शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापनात ६५ किंवा त्याहून कमी गुण असणाऱ्यांना चाचणीत प्रवेश होता, तर ‘बरे झाले’ म्हणण्याची मूळची ८५ ची मर्यादा नंतर ६० वर आणली गेली. म्हणजे प्रकृती आणखी खालावूनही या निकषापुरता रुग्ण बरा ठरू शकत होता. माहिती अधिकारविषयक लवादाच्या आदेशानंतर २०१६ मध्ये चाचणीची आधारसामग्री खुली झाली. उपचारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये अशा व्यायामाची शिफारस काढून टाकली व वर्तनोपचाराला केवळ साहाय्यक स्थान दिले.

गोव्याचा या विषयाशी संबंध येतो तो ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी बार्देश तालुक्यात केलेल्या आणि २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या पाहणीमुळे. १८ ते ५० वर्षे वयाच्या २,४९४ स्त्रियांपैकी सुमारे १२ टक्के स्त्रियांनी दीर्घकालीन थकव्याची तक्रार केली. ‘अंगात त्राण नाही’ म्हणणाऱ्या बाईला लोहाच्या गोळ्या देण्याची आपल्याकडची रीत पाहता, थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही ही बाब लक्षणीय आहे. कर्ज, पतीकडून होणारी लैंगिक हिंसा व मानसिक अस्वास्थ्य यांच्याशी मात्र तो आढळला. तथापि या पाहणीचा विषय थकवा हे लक्षण होता, प्रस्तुत लक्षणसमूह नव्हे. त्यामुळे तिच्या आधारे या विकाराला मानसिक ठरवता येत नाही.