इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटार : तारांचे कंपन विजेच्या प्रवाहात बदलून स्पीकरवाटे ऐकवणारे तंतुवाद्य. साध्या गिटारमध्ये तार घोडीला (जिच्यावर तारा टेकतात त्या पट्टीला) हलवते, घोडी वरच्या पातळ लाकडी पाटाला, आणि मग पोकळ पेटी तो आवाज घुमवते. इलेक्ट्रिक गिटारला या पेटीची गरज नसते. तिथे सगळे काम ‘पिकअप’ करतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाच्या सान्निध्यात गिटारची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकीय होते; ती थरथरली की वेढ्यांतले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्याच कंपनसंख्येचा क्षीण प्रवाह निर्माण होतो. शाळेत शिकलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. नायलॉनच्या तारा लावल्या तर हा पिकअप मुका राहतो.

मायकेल फॅरेडे यांनी हे प्रवर्तन १८३१ मध्ये दाखवले. त्यावर चालणाऱ्या गिटारचा पहिला नमुना बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये तयार झाला. ती गळ्यात अडकवायची गिटार नव्हती. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी दांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या जागतिक प्रदर्शनापासून अमेरिकेत हवाई बेटांच्या संगीताचे वेड पसरले होते, पण नृत्यवृंदातल्या पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे. हा नमुना घडवणारे जॉर्ज बोशाँ स्वतः हवाईयन गिटार वाजवत, त्यामुळे ही अडचण त्यांच्या रोजच्या अनुभवातली होती. पिकअपचे वेढे गुंडाळायला त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली, असे सांगितले जाते. कारखानदार ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने १९३२ पासून ही गिटार विक्रीला आली. गोल अंग आणि लांब दांडा यांमुळे तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, हे नाव पडले. ती ओतीव ॲल्युमिनियमची होती; रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापून प्रसरण पावे आणि वाद्य बेसूर होई. पेटंटचा अर्ज १९३४ मध्ये गेला, मंजुरी मिळाली १९३७ मध्ये. तोवर इतर कारखानेही अशा गिटारी विकू लागले होते.

गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही पोकळ पेटीची गिटार १९३६ मध्ये आली. नावातला १५० हा आकडा ॲम्प्लिफायरसह (पिकअपचा क्षीण प्रवाह वाढवणाऱ्या यंत्रासह) तिची डॉलरमधली किंमत. चार्ली ख्रिश्चन यांनी १९३९ पासून बेनी गुडमन यांच्या जॅझ वृंदात तिच्यावर एकेका स्वराची सलग स्वरावली वाजवली आणि मागे बसून ठेका धरणारी गिटार सॅक्सोफोनच्या बरोबरीला आली. १९४२ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. या वाद्याच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे नुकसान मानावे लागेल.

पोकळ पेटीचा एक त्रास होता. स्पीकरचा आवाज पेटीत शिरून ती पुन्हा घुमे आणि कर्कश शिटी सुरू होई. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या पाइनच्या ओंडक्यावरच तारा आणि पिकअप बसवले. लोकांना ते रूप रुचेना, म्हणून दोन्ही बाजूंना गिटारच्या पेटीचे अर्धे भाग जोडले. भरीव गिटार बाजारात खऱ्या अर्थाने रुजवली ती कॅलिफोर्नियातील फुलर्टनचे रेडिओ दुरुस्तीवाले लिओ फेंडर यांनी. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. विचार मात्र दुरुस्ती करणाऱ्याचा होता: दांडा स्क्रूने बसवायचा, बिघडला की बदलायचा. १९५० च्या त्यांच्या ‘ब्रॉडकास्टर’चे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्याने १९५१ मध्ये ते ‘टेलिकास्टर’ झाले. १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’मध्ये तीन पिकअप आणि त्यांतला एक निवडायला तीन जागांचे बटण होते. वादक ते बटण दोन जागांच्या मध्ये अडकवून वेगळाच नाद काढू लागले. कंपनीने पाच जागांचे बटण दिले ते १९७७ मध्ये.

पिकअप आसपासच्या विजेची गुणगुणही पकडतो. गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी एकमेकांच्या उलट गुंडाळलेली दोन वेटोळी, उलट ध्रुवांच्या चुंबकांवर, शेजारी ठेवली. त्यामुळे गुणगुण परस्पर रद्द होते, तारेचा आवाज मात्र दुणावतो. हा ‘हमबकर’ १९५७ पासून गिटारींवर दिसू लागला.

अभियंते आवाज स्वच्छ करत असताना वादकांना मात्र फाटका, खरखरीत आवाज हवासा वाटू लागला. लिंक रे यांच्या १९५८ च्या शब्दांविना असलेल्या एका वादनावर अमेरिकेतील काही रेडिओ केंद्रांनी बंदी घातली. लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये स्पीकरचा कागदी पडदा पात्याने चिरून तो नाद मिळवला. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी तर पूर्वी त्रास ठरलेली शिटीच स्वरासारखी हाताळली.

भारतात घरोघरी पोचली ती आधी मांडीवरचीच इलेक्ट्रिक गिटार. मुंबईत वॅन शिप्ले आणि हजारा सिंग, कोलकात्यात सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या खूप गाजल्या. याचे कारण वाद्याच्या घडणीतच आहे: सरकत्या दांडीला पडद्यांची (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांची) अडवणूक नसते, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड मींड घेता येते, आणि पिकअपमुळे स्वर लांबत राहिल्याने गाण्यातली ओळ गळ्यातून यावी तशी तिच्यातून उमटते.