एका अंगात बावन्न माणसं

आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांच्या दुकानात एक टेप होता. दुपारी त्यावर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट लागली की मशीनचं पायडल थांबायचं. शिवलेलं न्यायला आलेलं गिऱ्हाईक ओट्यावरच टेकायचं. कॅसेट सगळ्यांना पाठ होती, टेपच्या आधी कुणीतरी पुढचं वाक्य म्हणायचं, तरी हसू तेवढंच यायचं. म्हातारी, पोरगं, गावचा पुढारी, सगळे आवाज एकाच माणसाचे आहेत, यावर माझा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता.

तो माणूस म्हणजे प्रा. लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक, पुढे विभागप्रमुख. पण त्यांची गोष्ट विद्यापीठापासून सुरू केली तर अर्धीच हाती येते. ती पैठणपासून सांगायला हवी.

सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं लिहिली. जोशी, गोंधळी, वाघ्या, महार अशी गावगाड्यातली माणसं त्यांत आपापल्या तोंडानं बोलतात. सोंगी भारुडात एकच गडी डोक्यावरून पदर घेतो आणि सून होतो. भवानीआईला रोडगा कबूल करून ही सून सासरा, सासू, नणंद अशी घरातली एकेक माणसं दूर करायला सांगते. समोर बसलेल्या खऱ्या सासवा-सुना तोंडाला पदर लावून हसतात. मग तोच गडी पदर खांद्यावर टाकतो, आवाज उतरवतो आणि सासऱ्याचा संसाराशी काय संबंध, याचा परमार्थ उलगडून सांगतो. नाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' तर दोन माणसांचं भांडण, दोन बोलींत. मराठी आणि दखनी शेजारी नांदतात अशा मुलखातच ते सुचू शकतं.

शहरी नाटकाच्या वाट्याला मात्र इथं फार काही आलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या संस्थानात होता. कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूत. पुण्या-मुंबईत नाटक कंपन्या भरभराटीला आल्या, त्या काळात इथल्या माणसाची करमणूक जत्रा, कीर्तन, भारूड आणि बहुरूपी यांवरच होती. हे मागासलेपण होतं असं पुष्कळ जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. पडदा, नेपथ्य, वाद्यवृंद यातलं काही नसताना एकट्यानं रात्र जागवायची कला त्यामुळेच इथं शाबूत राहिली.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली निघालं. पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांनी तिथं नाट्यशास्त्र विभाग उभा केला. गावाकडून आलेल्या पोरांना शब्दोच्चार, देहबोली, जगातली नाटकं पहिल्यांदाच रीतसर शिकायला मिळाली. देशपांडे याच वातावरणातले. सत्तरचं दशक संपता संपता त्यांनी 'वऱ्हाड' रंगमंचावर आणलं.

कथा म्हणाल तर चिमूटभर. गावाकडच्या पोराचं लग्न लंडनच्या मुलीशी ठरतं आणि वऱ्हाडाला विमानानं जावं लागतं. (इथं वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी; विदर्भातल्या वऱ्हाडाशी काही संबंध नाही.) पण त्यात बावन्न पात्रं, तीन तासांचा प्रयोग आणि नट एकच. गिनीज बुकात या प्रयोगाची नोंद झाली. मला त्या नोंदीपेक्षा त्यातल्या बोलीचं मोल जास्त वाटतं. तोवर शहरी नाटकात गावाकडची बोली बहुधा घरगड्याच्या नाहीतर हवालदाराच्या तोंडी असायची. तो तसं बोलतो, याचंच हसू. 'वऱ्हाडा'त सगळं गावच त्या बोलीत बोलतं. हसू येतं ते रुसव्याफुगव्याचं, मानपानाचं, पहिल्यांदा विमानात चढलेल्या माणसाच्या धांदलीचं. आमच्या ओट्यावरचे लोक त्यात स्वतःचा मामा, स्वतःची आत्या ओळखायचे.

त्या प्रयोगानंतर मराठवाड्याच्या नटाला आपली बोली घासूनपुसून घालवायची गरज उरली नाही, असं मी ठामपणे म्हणेन. बिडकीनचे मकरंद अनासपुरे सिनेमात आले ते आपला हेल घेऊनच, आणि २००४ नंतर त्याच हेलावर नायक झाले. दुष्काळात होरपळलेल्या शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ साली नाना पाटेकरांसोबत त्यांनी 'नाम' फाउंडेशन काढलं. ज्या घरांतली माणसं पडद्यावर उभी केली, त्याच घरांच्या दारात ते मदत घेऊन गेले.

देशपांडे २००९ मध्ये गेले. बावन्न माणसं एका अंगात वागवायची तर नुसती नक्कल करून भागत नाही. दम लागतो, कान लागतो. काही वर्षांनी हे ओझं उचललं माजलगावच्या संदीप पाठक यांनी. तेही त्याच नाट्यशास्त्र विभागाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रयोगालाही कॅसेटवर वाढलेले लोक पोरासोरांना घेऊन येतात, आणि पुढचं वाक्य नटाच्या आधी म्हणतात.